तळमजला कुणाचा?

कुकटपल्लीतल्या एखाद्या नव्या अपार्टमेंटसमोर उभं राहून बघा. रस्त्याला लागून काय दिसतं? खांब, खांबांमध्ये गाड्या आणि वॉचमनची खुर्ची. कुणी त्याला स्टिल्ट म्हणतं, कुणी सेलर. माणसांची वस्ती सुरू होते ती पहिल्या मजल्यापासून.

ही काही बिल्डरची हौस नव्हे. २०१२च्या इमारत नियमांनुसार अपार्टमेंटला बांधकामाच्या ठरावीक प्रमाणात पार्किंग ठेवावंच लागतं. शिवाय पार्किंगचा स्टिल्ट मजला इमारतीच्या उंचीत धरत नाहीत. मग तिथे किराणा दुकान किंवा इस्त्रीवाला येणार कुठून? साध्या कोथिंबिरीसाठीही माणूस स्कूटर काढतो.

जरा हिशेब करू. नगररचनेत स्टिल्टमधल्या एका कारला, ये-जा करायच्या वाटेसकट, साधारण २८ चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे ३०० चौरस फूट. त्याच स्टिल्टच्या कोपऱ्यात वॉचमनचं अख्खं कुटुंब बहुतेक वेळा याहून लहान खोलीत राहतं. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही?

आणि पैसे कोण भरतं? दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं की स्टिल्टमधली जागा सामायिक असते, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. निकाल रास्तच आहे. पण त्या जागेचा खर्च मग सगळ्याच फ्लॅटांच्या किमतीत मिसळतो. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही, तोही तो भरतो.

कुणी म्हणेल, सक्ती काढली तर गाड्या रस्त्यावर येतील. अहो, सक्ती असूनही त्या रस्त्यावरच आहेत, कारण तिथे फुकट उभं करता येतं! नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे मेट्रो धावते. त्याच वर्षीच्या केंद्राच्या धोरणातही स्टेशनांभोवती पार्किंग मर्यादित ठेवायला सांगितलं आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहराने तर २०१७ मध्ये किमान पार्किंगची अटच काढून टाकली.

आपल्याकडे निदान एवढं व्हावं: मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत सक्ती नको, तळमजल्याची रस्त्याकडची बाजू दुकानांना मिळावी आणि रस्त्यावर गाडी लावणाऱ्याकडून महापालिकेने शुल्क घ्यावं. असोसिएशननेही पार्किंग महिन्याच्या भाड्याने देऊन ते पैसे मेंटेनन्समध्ये वळवावेत. ज्याची गाडी, त्याने जागेचे पैसे द्यावेत. पायी चालणाऱ्याने ते का भरायचे?