कामाची जागा : हा कायदा गावातूनच आला

रिसोडच्या बाजारपेठेत साड्या दाखवणाऱ्या, दवाखान्यात नंबर लावणाऱ्या, आडतीवर हिशेब लिहिणाऱ्या मुली आता ठिकठिकाणी दिसतात. बहुतेक जागी कामाला माणसं तीन-चारच. त्यातल्या एखादीच्या अंगाला मालकानेच नको तसा हात लावला, तर तिने सांगायचं कुणाला? घरी सांगितलं तर काम सुटतं, गावात सांगितलं तर बोट तिच्याकडेच वळतं. म्हणून ती गप्प राहते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी आहे, असा आपला पक्का समज. तो साफ चुकीचा आहे. या कायद्याचं मूळ राजस्थानातल्या भटेरी नावाच्या खेड्यात आहे. भंवरीदेवी तिथे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यांना ना कार्यालय होतं, ना टेबल-खुर्ची. गाव हीच त्यांची कामाची जागा. त्यानंतर कामाच्या जागी बाईला संरक्षण मिळावं म्हणून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 13 ऑगस्ट 1997 रोजी ‘विशाखा’ खटल्याचा निकाल लागला आणि 2013 मध्ये कायदा झाला.

जिथे दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत, तिथे अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. नाही नेमली तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पण रोज बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशिमला कोण जाणार? याचाही विचार कायद्याने केलेला आहे. प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पाठवायची. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. लिहिता येत नसेल, तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. रोजंदारीवरची, शिकाऊ, लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी, या साऱ्यांना हा कायदा लागू आहे.

पण आपल्या तालुक्याचा हा अधिकारी कोण, तो बसतो कुठे, हे त्या दुकानातल्या मुलीला ठाऊक नसेल, तर तिच्यापुरता कायदा झालेलाच नाही. तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद, बाजार समिती आणि एसटी स्टँड इथे त्याचं नाव आणि फोन नंबर ठळक मराठीत लागला पाहिजे. याला ना मोठा निधी लागतो, ना मुंबईची परवानगी.

आणि व्यापारी बांधवांनी त्या पाटीची वाट पाहू नये. आडतीवर आपण रोजचे भाव फळ्यावर लिहितो, कारण भाव कळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्याच फळ्याशेजारी हा नंबरही लिहावा. ज्याचं वागणं सरळ आहे, त्याचा हात तो लिहिताना अडखळणार नाही.