भाकर एक, कबरी वेगळ्या!

प्रभुभोजनात एकच भाकर मोडतात. सगळे एका शरीराचे अवयव, असं चर्च शिकवतं. मग तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक कब्रस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या पाडणारी भिंत कुणी बांधली? २०१६ साली बिशपांच्या परिषदेनेच चर्चमधला जातिभेद कबूल केला.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणे त्या धर्मात जात नाही! भिंत सांगते, आहे.

आरक्षणाच्या लढ्यात आपण त्यांच्यासोबत आहोतच. पण बाबासाहेबांची बंधुता प्रार्थनेत नाही, रोटी-बेटीत आणि मूठमातीत मोजली जाते. आधी भिंती पाडा, मग सहभागितेचं प्रवचन द्या!

जय भीम!