रॅझ शिकताय? मग पाचव्या पत्त्यावर पॅक करायला आधी शिका



मागच्या आठवड्यात चॅनेलवर पत्त्यांचा व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत तीन फोन आले. त्यातले एक माझे जुने ग्राहक, वयाने मोठे. म्हणाले, "सर, तुम्ही धंदा शिकवता म्हणून आम्ही पोरांना तुमचे व्हिडिओ दाखवतो. आता काय जुगार शिकवणार?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. पैसे लावून खेळा असं मी कुणालाही सांगत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. आमच्या घरी चिंचोके लावतात. डबाभर चिंचोके, चार माणसं आणि पत्त्यांचा एक कॅट, एवढंच भांडवल.

खेळ कुठला, तर रॅझ. सात पत्त्यांच्या स्टड पोकरचा उलटा प्रकार. माझा भाचा लास वेगासला नोकरीला आहे, तो दिवाळीत आला होता तेव्हा त्याने शिकवला. तिकडे या खेळाला मान आहे. पोकरच्या वर्ल्ड सीरिजमध्ये रॅझची वेगळी स्पर्धा असते, आणि 'हॉर्स' नावाचा पाच खेळांचा जो मिश्र प्रकार आहे त्यातला 'आर' म्हणजे रॅझच. फिल हेलम्युथ हा खेळाडू होल्डेमसाठी प्रसिद्ध, पण २०१२ आणि २०१५ साली त्याने रॅझमध्येही ब्रेसलेट जिंकलं.

तीनपत्तीतलं मुफलिस ज्यांनी खेळलंय त्यांना अर्धा रॅझ आधीच येतो. सगळ्यात हलका डाव जिंकतो. फरक दोन. एक, इथे एक्का सगळ्यात लहान धरतात. दोन, सिक्वेन्स आणि कलर मोजतच नाहीत. म्हणून मुफलिसमध्ये बहुतेक घरांत २-३-५ भारी, कारण २-३-४ चा सिक्वेन्स होतो. रॅझमध्ये मात्र एक्का-२-३-४-५ हा सर्वोत्तम डाव.

वाटप असं: सगळ्यांनी बूट टाकायचा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, एक उघडा. ज्याचा उघडा पत्ता सगळ्यात मोठा त्याने पहिली छोटी चाल द्यायची, सक्तीने. मग चौथा, पाचवा, सहावा पत्ता उघडा आणि सातवा झाकलेला. चौथ्यापासून, ज्याचे उघडे पत्ते सगळ्यात हलके तो आधी बोलतो. शेवटी सातातले उत्तम पाच धरायचे. डावांची तुलना मोठ्या पत्त्यापासून करायची. ८-७-३-२-एक्का आणि ८-६-५-४-३ यात दुसरा डाव जिंकतो, कारण आठ सारखे झाले की सातपेक्षा सहा हलका. नवीन माणूस इथे हमखास फसतो, एक्का-दुर्री बघून खूश होतो.

आणि एक गोष्ट कोपऱ्यात लिहून ठेवा: तिसऱ्या-चौथ्या पत्त्याला चाल दोन चिंचोक्यांची असेल, तर पाचव्यापासून ती चारची होते. दुप्पट. माझं आजचं सगळं म्हणणं या एका नियमावर उभं आहे.

नवशिक्यांना काय शिकवतात? पहिले तीन पत्ते. तिन्ही आठ किंवा त्याखालचे आणि एकही जोड नाही, तरच खेळा, नाहीतर पॅक. सल्ला बरोबर आहे. हिशोब केला तर असे तीन पत्ते शंभरात साधारण सोळा वेळा येतात, म्हणजे सहा डावांतून एकदा. बाकी पाच वेळा तुम्ही नुसते बसून बघायचं. त्याला एक अपवाद. तुमचा उघडा पत्ता सगळ्यात लहान आहे आणि ज्यांचं बोलायचं बाकी आहे त्या सगळ्यांसमोर राजा, राणी, दश्शी असले पत्ते पडलेत, तर आतला एखादा पत्ता खराब असला तरी चाल वाढवा. बरेचदा सगळे पॅक करतात आणि बूट तुमचा. कुणी थांबलाच आणि तुम्हाला पुढचा पत्ता खराब आला, तर गुपचूप निघायचं.

पण मी जे काही पाहिलं-वाचलं, त्यातलं बरंचसं शिक्षण इथेच थांबतं. 'चांगली सुरुवात निवडा' म्हणायचं आणि पुढे नुसती घाई. माझ्या मते नवशिक्याचे चिंचोके खराब सुरुवातीवर फारसे जातच नाहीत. राजा-नव्वी-नव्वी आली की लहान मूलसुद्धा पॅक करतं. चिंचोके जातात ते चांगल्या सुरुवातीवर.

दिवाळीतला डाव सांगतो. माझ्याकडे आत एक्का-दुर्री, बाहेर तिर्री. याहून भारी सुरुवात रॅझमध्ये नाही. दाजींसमोर राजा, त्यांची सक्तीची चाल. सौ.ने पॅक केलं. भाच्यासमोर पंजी. मी जोरात चाल वाढवली, दाजी गेले, भाचा थांबला. चौथा पत्ता: मला राजा, त्याला सत्ती. त्याने चाल दिली, मी भरली. पाचवा: मला राणी, त्याला चौकी. आता चार चिंचोक्यांची चाल. मी परत भरली.

भाचा म्हणाला, "मामा, पॅक कर ना. बघ तरी तुझ्यासमोर काय पडलंय."

मी म्हटलं, "अरे, आत काय आहे ते तुला काय माहीत!"

सहाव्याला छक्की आली आणि मला वाटलं, बघा, आलोच परत. सातवा पत्ता उचलला तर तिर्री. जोड. शेवटी माझा डाव राणीचा, म्हणजे कचरा. त्याच्याकडे ७-५-४-२-एक्का, आणि तो पाचव्या पत्त्यालाच पूर्ण झालेला होता. म्हणजे मला आठचा डाव लागला असता तरी मी हरलोच असतो.

रात्री झोप येईना म्हणून वही काढली. इतरांचे पत्ते बाजूला ठेवून नुसते आपलेच धरले, तर आकडे असे येतात. चार पत्त्यांनंतर हातात एक्का-२-३-४ असतील तर आठ किंवा त्याहून हलका डाव लागण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के. चौकीऐवजी राजा आला तर ३२. पाच पत्त्यांनंतर एकच खराब पत्ता असेल तर ५७ टक्के. दोन खराब असतील तर १५. एक खराब पत्ता आणि दोन खराब पत्ते यात आपल्याला दुपटीचा फरक वाटतो, प्रत्यक्षात तो जवळपास चौपट आहे. आणि नेमकं त्याच ठिकाणी चाल दुप्पट होते. घसरगुंडीवर तिकीट महाग, असा प्रकार.

मग तिथे मी का थांबलो? कारण डोक्यात अजून एक्का-दुर्री-तिर्री चालू होती. दोन पत्त्यांपूर्वीचा हात मी आता खेळत होतो.

आणि हे मी पहिल्यांदा करत नव्हतो. २०१६ साली मी पॅकिंग मटेरियलचं दुसरं दुकान काढलं. खोकी, टेप, बबल रॅप. सुरुवात बघा: गाळा एमआयडीसीच्या तोंडाशी, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं, माल ४५ दिवसांच्या उधारीवर. एक्का, दुर्री, तिर्री. चौथ्या महिन्यात गाळ्यासमोरचा रस्ता ड्रेनेजसाठी खणला. टेम्पो लागेना. ठीक आहे, म्हटलं, होईल. आठव्या महिन्यात निम्मा माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाने थेट कारखान्यातून घ्यायला सुरुवात केली. आणि त्याच वेळी पुरवठादाराने उधारी बंद केली, म्हणजे पुढच्या प्रत्येक महिन्याला माझ्या खिशातले दुप्पट पैसे लागणार. सौ. म्हणाली, "अहो, गाळा सोडा आता." मी पुढे चौदा महिने ओढलं. का? तर सुरुवात किती छान होती! सहा लाख गेले. त्यातले निदान चार त्या चौदा महिन्यांतले.

आमच्या ट्रेनर मंडळींना 'सोडायचं नाही' हे वाक्य फार आवडतं. स्टेजवरून मीही म्हटलंय, टाळ्याही घेतल्यात. आता म्हणवत नाही. ज्याच्या हातात चार चांगले पत्ते आहेत त्याला ते सांगावं. दोन राजे घेऊन बसलेल्याला तेच सांगणारा माणूस त्याचे चिंचोके संपवतो.

पण उलट टोकालाही जाऊ नका. पाचव्याला तुमच्यासमोर राजा-राणी आणि समोरच्याला पण गुलाम-दश्शी, तर पॅक करायचं कारण नाही. सुरुवात तुमची चांगली, घसरले दोघेही. रॅझमध्ये आपला हात एकट्याने खराब नसतो, समोरच्याच्या तुलनेत खराब असतो. आणि सहाव्यापर्यंत चार चांगले पत्ते हातात असतील, तर मध्ये एवढे चिंचोके जमलेले असतात की शेवटच्या पत्त्यासाठी एक चाल भरणं बहुतेक वेळा परवडतं. तिथे घाबरून पॅक करणं हीसुद्धा चूकच. म्हणून तर म्हणतो, निर्णयाची खरी जागा पाचवा पत्ता. त्याआधी स्वस्त, त्यानंतर उशीर.

अजून एक गंमत, ही मला फार आवडते. सगळ्यांचे उघडे पत्ते लक्षात ठेवायचे, पॅक केलेल्यांचेही. समजा तुमच्याकडे एक्का-तिर्री-पंजी आहे आणि टेबलावर दोन तिर्री, एक पंजी दिसतेय. नवीन माणूस म्हणतो, अरेरे, माझे पत्ते गेले. उलट! तिर्री-पंजी बाहेर गेली की तुमची जोड लागायची भीती कमी झाली. वाईट कधी, तर टेबलावर दुर्री, चौकी, छक्की, सत्ती पडलेली दिसली तर. ते तुम्हाला हवे होते. धंद्यात एवढे उघडे पत्ते कुणी दाखवत नाही, त्यामुळे ही तुलना मी फार ताणत नाही. शिवाय धंद्यात आलेला राजा कधीकधी मेहनतीने दुर्री करता येतो. पत्त्यात नाही येत.

सराव कसा करायचा ते सांगतो. रविवारी घरी बसा, चिंचोके नसतील तर शेंगदाणे घ्या (कमी होत जातात, लक्ष ठेवा). पाचवा पत्ता पडला की चाल देण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने एक प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हे पाच पत्ते मला आत्ता, असेच्या असे एकदम मिळाले असते, तर मी समोरच्या त्या तीन उघड्या पत्त्यांविरुद्ध चार चिंचोके लावले असते का? उत्तर 'नाही' असेल तर पॅक. आधी किती टाकलेत ते मोजायचं नाही.

आम्ही हा नियम केल्यापासून डाव लवकर संपतात आणि घरात कुरकूर वाढलीय. परवा दाजींनी एक्का-दुर्री-चौकीची सुरुवात असताना पाचव्याला पॅक केलं, पत्ते आपटले आणि "मी चहा टाकतो" म्हणून उठून गेले. चहा चांगला झाला होता. सहावा पत्ता त्यांना कुठला आला असता ते आम्ही त्यांना दाखवलं नाही.