जगायचे कशासाठी? कोठाऱ्यातले उत्तर

गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. त्यामुळे देव माणसांत शोधायचा असतो, हे इथल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. तरीही याच मातीत पदवी घेतलेला पोरगा पानपिंपरीच्या मळ्याकडे पाहत बसतो. शेतीत राम उरला नाही, नोकरीची जागा निघत नाही, मग जगायचे कशासाठी, असे तो विचारतो. त्याला मोबाइलवर भाषणे भरपूर मिळतात. काम मात्र कोणी हाती देत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेने या प्रश्नाला दिलेले उत्तर पाहायचे, तर परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला जावे. तिथे द लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. या संस्थेची सुरुवात 1874 मधली. वेलस्ली बेली हा आयरिश तरुण अंबाल्याला शिक्षक म्हणून आला, तिथे त्याने कुष्ठरोग्यांची वस्ती पाहिली आणि आपले आयुष्य कशासाठी आहे ते त्याला कळले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरकू आदिवासींमध्ये काम करायला मिशनरी मेळघाटच्या पायथ्याशी आले, तेही असल्याच ओढीने. गावाने ज्याला वेशीबाहेर काढले, त्याच्याजवळ जाऊन बसायचे. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, ही गोष्ट त्यांनी शब्दशः घेतली.

हे बसणे म्हणजे नेमके काय, ते नीट पाहायला हवे. कुष्ठरोगात नस मरते आणि तळपायाची जाणीव जाते. काटा रुतला तरी कळत नाही, तव्याने बोट भाजले तरी हात मागे येत नाही. म्हणून कुणीतरी त्या माणसाचे पाय रोज पाण्यात भिजवून घेते, कडक झालेली कातडी घासून काढते, तेल लावते, बोटांच्या बेचक्यात जखम आहे का ते पाहते. मऊ रबराच्या तळाची चप्पल पायात बसते की घासते, तेही तपासते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात टाळ्या नाहीत, फोटो नाही. वर्षानुवर्षे हे करण्याचे बळ येते कुठून? श्रद्धाळू परिचारिका सांगेल, प्रार्थनेतून. तिचे म्हणणे खरे मानायला हरकत नाही, कारण पुरावा तिच्या हातात आहे.

डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट याच वाटेवरची. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 मध्ये जन्मलेले हे शल्यविशारद चेंगलपट्टूला कुष्ठरुग्ण पाहायला गेले. आखडलेल्या बोटांच्या एका रुग्णाला त्यांनी आपला हात दाबायला सांगितला. पकड इतकी घट्ट बसली की त्यांना कळ आली. म्हणजे काही स्नायू जिवंत होते! त्यातून वेल्लोरला हात सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया उभ्या राहिल्या आणि पुढे देशभर पोहोचल्या. पतीच्या मृत्यूनंतर त्यांची आई एव्हलिन परत डोंगरात गेली आणि पंचाण्णव वर्षांची होऊन वारली, तोवर तिचे काम सुटले नव्हते.

मराठी घरातला दाखला हवा असेल, तर लक्ष्मीबाई टिळक आहेत. नवरा, नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा त्या कोसळल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळे पाळत राहिल्या. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे त्यांना आतून पटले, त्यानंतरच 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग घर परक्या पोरांनी भरले. बालकवी ठोंबरेही त्यांच्याकडे राहिले. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य या जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले. श्रद्धेने त्यांना आधी माणसे दिली, लेखन नंतर आले.

मिशनरी म्हटले की धर्मांतराचा विषय निघतोच. आमिष दाखवून किंवा दडपण आणून बदललेला धर्म कोणाच्याच कामाचा नाही, हे ठणकावून सांगावे. पण त्या एका वाक्यात कोठाऱ्यातली मलमपट्टी पुसून टाकणे अन्यायाचे आहे.

जगण्याचा हेतू घरात बसून, स्वतःच्या मनात खोदून सापडत नाही. बेली, ब्रँड, लक्ष्मीबाई यांना तो समोर आलेल्या माणसात सापडला. श्रद्धेने त्यांना तिथे टिकवले. गाडगेबाबांच्या तालुक्याला ही भाषा परकी वाटू नये.

वऱ्हाडातल्या चर्चमंडळींनी आणि कॉलेजांनी पोरांना कोठाऱ्यात, अमरावतीच्या तपोवन या कुष्ठरुग्णांच्या संस्थेत चार दिवस पाठवावे, नुसते पाहायला नव्हे, हाताने काम करायला. आणि अंगावर बधिर चट्टा दिसलेला शेजारी असेल, तर त्याला आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुष्ठरोगाचे औषध तिथे फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.