स्वस्त मशीन, महाग पातं



या शनिवारी कोड नाही, करिअर नाही, आणि 'पुणे बरं की बंगळूर' तर नाहीच नाही. या शनिवारी भांडण. विषय: घरच्या कामांसाठी ऑसिलेटिंग मल्टिटूल कुठलं घ्यावं. हसू नका! गेल्या तीन महिन्यांत या एका विषयावरून मी ऑफिसातल्या मित्राशी, सख्ख्या मामाशी आणि थोडाफार स्वतःशी भांडलोय.

तर झालं असं. जुळे सोलापुरात आमचं घर आहे. आई-आप्पा तिथे, मी पुण्यात. (आमच्या गल्लीत साधारण सगळ्याच घरांची हीच गोष्ट.) आई बाथरूममध्ये दोनदा घसरली म्हणून उन्हाळ्यात जुन्या फरशीवरच खरखरीत टाइल्स बसवून घेतल्या. फरशी बोटभर वर आली आणि दार खालून घासायला लागलं. "चालतंय की" म्हणून सोडून दिलं. मग पावसाळा आला, लाकूड फुगलं, आणि एका मंगळवारी सकाळी आप्पा आत अडकले. वय बहात्तर, गुडघे गेलेले. कडी त्यांनी काढली होती, पण दार जागचं हलेना. आईचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये 'काल काय केलं, आज काय करणार' सांगत होतो. शेजारच्या पोरानं आप्पांना कोपऱ्यात उभं राहायला सांगून खांद्यानं दार ढकललं, तोवर पस्तीस मिनिटं गेली. पस्तीस मिनिटं मी फोन कानाला लावून नुसता ऐकत होतो.

सुतारमामांना फोन केला. म्हणाले, "येतो की, पण पुढच्या बुधवारी. बिजागरीचे स्क्रू गंजलेत, दार उतरवायलाच अर्धा दिवस जाणार." त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्याकडे अख्ख्या किचनची कामं आहेत, बोटभर दारासाठी ते रोजगार का बुडवतील? पण पुढच्या बुधवारपर्यंत आप्पांनी काय करायचं?

मग मी सगळे सॉफ्टवेअरवाले करतात तेच केलं. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले आणि अडीच हजारांच्या आत एक मल्टिटूल मागवलं. डब्यात चाळीस नग! शुक्रवारी संध्याकाळी ते घेऊन हुतात्मा एक्सप्रेस पकडली. शनिवारी सकाळी पहिलं पातं लावलं, बिजागरीच्या पानामागे सरकवलं, बटण दाबलं. धूर, करकर, आणि मिनिटाभरात पात्याचे दात सपाट. दुसरं पातं, तेच. तिसरं निसटलं. आप्पा खुर्चीवर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

पुण्यातल्या मित्राला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं: "सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार. आठ-नऊ हजार टाक आणि चांगल्या कंपनीचं घे." मी जवळजवळ मागवलंच होतं. पण त्याआधी गावात गेलो (जुळे सोलापूरवाल्यांसाठी 'गाव' म्हणजे जुन्या पेठा) आणि हार्डवेअरच्या दुकानात मशीन दाखवलं. दुकानदारानं मशीन चालू करून हातात धरलं, मग माझं पातं अंगठ्यानं वाकवलं.

"सर, मशीनला काय झालंय ओ? पातं बघा की. पत्रा हाय ह्यो नुसता."

सहाशे रुपयांचं एक बायमेटल पातं घेतलं. म्हणजे मशीनच्या किमतीच्या चौथ्या भागाइतकं एक पातं. घरी येऊन क्लँपचा बोल्ट नीट आवळला, स्पीड कमी केला, आणि त्याच 'भिकार' मशीननं गंजलेले स्क्रू एकेक करत कापले. दार उतरलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: घरच्या कामाला मशीन स्वस्त चालतं, पातं नाही. आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो. एक तर चाळीस नगांचा डबा बघून भुलतो, नाहीतर तोंड भाजलं की थेट महागड्या मशीनवर उडी मारतो. मधे विचार करायची जागाच नाही.

आता मित्राच्या मुद्द्याकडे. 'स्वस्त म्हणजे नक्कल' हे त्याचं लाडकं वाक्य. जरा इतिहास बघू. ज्याचा हात मोडलाय त्याला हे यंत्र आधीच माहीत आहे. प्लास्टर कापायला डॉक्टर जी घुर्र करणारी करवत आणतात, तीच ही. अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर होमर स्ट्रायकर यांनी ती १९४० च्या दशकात केली. पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी इकडून तिकडे थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी मात्र पात्याबरोबर हलते आणि वाचते. जर्मनीच्या फाइन कंपनीनं १९६७ मध्ये तिची अशीच करवत आणली, आणि पुढे तेच तत्त्व लाकूड-लोखंडाच्या कामाला लावलं. बरीच वर्षं पेटंटमुळे हा प्रांत त्यांचाच होता. २००८ च्या सुमारास पेटंट संपलं आणि मग सगळ्या कंपन्या उतरल्या. आपल्याला हे मशीन आज परवडतं ते त्यामुळे. पेटंट संपल्यावर केलेल्या वस्तूला नक्कल म्हणायचं असेल तर आपल्या घरातल्या निम्म्या जेनेरिक गोळ्यापण नकलाच म्हणायच्या.

दुसरा मुद्दा, वॅट. जाहिरातीत वॅट ठळक असतात, पण बघायचा असतो तो थरथरण्याचा कोन. बॉशच्या मॉडेलच्या नावातच तो लपलेला असतो: जीओपी ३०-२८ म्हणजे ३०० वॅट आणि २.८ अंश, जीओपी ५५-३६ म्हणजे ५५० वॅट आणि ३.६ अंश. पात्याचं टोक मध्यापासून ८० मिलिमीटरवर धरा आणि शाळेतलं गणित करा. २.८ अंशाला टोक साधारण ३.९ मिलिमीटर सरकतं, ३.६ ला साधारण ५. म्हणजे महाग मशीनचा घास सव्वापटीहून थोडा मोठा. तो सुतारमामांना दिवसभरात खूप मोलाचा आहे. मला वर्षातून सहा वेळा वापरायचंय. माझे पंधरा मिनिटांचे वीस मिनिटं झाले तर काय बिघडतं?

तिसरा मुद्दा आपल्या धंद्यातला आहे: व्हेंडर लॉक-इन. पेटंट संपलं, पण कुलूप गेलं नाही, ते पात्याच्या भोकात जाऊन बसलं. २०१६ मध्ये बॉश आणि फाइन यांनी मिळून स्टारलॉक नावाची पकड आणली. पकड झकास आहे, पातं घसरत नाही, एका झटक्यात बसतं. त्यात स्टारलॉक, स्टारलॉक प्लस आणि स्टारलॉक मॅक्स अशा तीन पायऱ्या. वरच्या मशीनला खालची पाती चालतात, खालच्याला वरची नाही. पण बाजारात मिळणारी साधी चपटी सार्वत्रिक पाती या पकडीला बसत नाहीत. म्हणजे मशीन एकदा घेतलं की पाती कायम त्याच गोटातली. ज्याचं पोट यावर आहे त्यानं जरूर घ्यावं. आपल्याला मात्र असं मशीन हवं ज्याचं पातं गावातल्या दुकानात, शनिवारी दुपारी, दार उतरवलेलं असताना मिळेल. विकत घेण्याआधी दुकानात जाऊन हेच विचारा: "याला बसणारं बायमेटल पातं आत्ता आहे का?" नाही म्हणाले तर मशीन कितीही भारी असो, परत फिरा.

हे मान्य करतो की माझं मशीन हाताला मुंग्या आणतं. अर्ध्या तासानंतर चहाचा कप धरवत नाही. पातं बदलायला दर वेळी ॲलन की शोधा. रोज काम करणाऱ्या माणसानं हे सहन करू नये, त्यानं मित्राचंच ऐकावं. पण मी रोज काम करणारा नाही, आणि मित्रही नाही. त्याचं नऊ हजारांचं मशीन दिवाळीपासून खोक्यातून निघालेलं नाही. :-)

तर परवडणारं मशीन निवडताना मी चारच गोष्टी बघीन. एक, वेग कमी-जास्त करायचं चाक. ते नसेल तर फुकट मिळालं तरी नको. लोखंडाला आणि सागवानाला एकच वेग लावलात तर एकाचे दात जातात आणि दुसरं काळं पडतं. पूर्ण वेग मिनिटाला वीस हजार हेलकावे असतो, म्हणजे सेकंदाला तीनशेहून जास्त. तेवढ्या वेगानं स्क्रू कापायला गेलात तर माझ्यासारखा धूर. दोन, सार्वत्रिक पात्याची पकड. तीन, वायरवालं. बॅटरी सोयीची खरी, पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. चार महिने माळ्यावर पडणाऱ्या यंत्राला बॅटरी कशाला? घरी दुसऱ्या यंत्राची बॅटरी असेल आणि ती याला चालत असेल तरच अपवाद. चार, ज्या गावात वापरणार तिथे दुरुस्ती होईल असं.

आणि उरलेले पैसे पात्यांवर. लाकडाला साधं स्टीलचं पातं चालतं, पण त्यात एक खिळा आला की खेळ खलास. खिळे-स्क्रू येणार असतील तर बायमेटल. टाइल्समधलं ग्राउट काढायला कार्बाइड किंवा डायमंडचं. बस्स. डब्यातल्या चाळीस नगांपैकी तीस तर त्रिकोणी पॉलिश पेपर निघाले!

या मशीननं सगळं होतं असंही समजू नका. आमचं दार मी खालून कापलं ते साध्या हातकरवतीनं, वर रंधा मारून. लांब सरळ कापाला मल्टिटूल गाढवासारखं चालतं. भिंतीत वायरची झिरी मारायला ते नाही. त्याची खरी जागा म्हणजे जिथे दुसरं काही शिरतच नाही: बिजागरीमागची फट, चौकटीचा खालचा कुजलेला तुकडा. तो टाइलला ओरखडा न पाडता, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन कापला. तिथे ग्राइंडर घातला असता तर टाइलही गेली असती आणि बहुतेक माझं बोटही. ग्राउट कापताना चांगला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात बसते. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. आणि भिंतीजवळ काम असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करून वायर कुठून जाते ते शोधा, मग दुसऱ्या खोलीतून लाइट घ्या.

राहिले मामा. त्यांचा मुद्दा मशीनचा नव्हताच. "इंजिनियर झालास ते करवत धरायला? चार पैसे टाक, माणूस बोलव. गरिबाच्या पोटावर का पाय देतोस?" दुसरं वाक्य ऐकायला फार चांगलं वाटतं. पण मामा, माणूस बोलावला होता की! तो आला नाही, कारण एवढ्याशा कामात त्याचं पोट भरत नाही. त्याच्या पोटावर पाय पडतो तो आपण त्याच्या मोठ्या कामात पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो तेव्हा. तीन तास गंजलेले स्क्रू कापल्यावर मी तरी ती सोडली. नवीन चौकटीचं काम सुतारमामांनाच दिलंय, आणि त्यांनी सांगितलेला आकडा मी गपचूप मान्य केला.

खरं सांगायचं तर पहिल्या वाक्यातच सगळं आहे. हातानं काम करणं म्हणजे कमीपणा, शिकलेल्या माणसानं फोन करायचा, हे आपल्या हाडात मुरलंय. ही जातिव्यवस्थेचीच शिल्लक आहे, आणि आपण तिला 'वेळेची किंमत' असं गोंडस नाव दिलंय. माझ्या तासाची किंमत कंपनी ठरवते म्हणे. त्या मंगळवारच्या पस्तीस मिनिटांची किंमत काय लावायची?

असो. दार आता एका बोटानं बंद होतं. आप्पांनी पहिल्या दिवशी चार वेळा उघडझाप करून बघितली आणि म्हणाले, "बरं झालंय." आमच्या घरात याहून मोठं कौतुक होत नाही.

कडी मात्र ते अजून लावत नाहीत. नुसतं दार लोटून घेतात आणि आतून मोठ्यानं खाकरत राहतात. म्हणून पुढच्या शनिवारचं काम ठरलंय: बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी कडी बसवायची. तिच्यासाठी चौकटीत खाच पाडायला मशीन आहेच, लाकडाचं पातं हुतात्मातून उतरलो की दुसऱ्या दिवशी गावातून घेईन.