नोव्हेंबरातला सल्ला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांकडे जेवायला गेलो होतो. त्यांचं घर जयपूर शहराबाहेर, अजमेर रोडला, हमरस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत. दोन खोल्या, वर स्लॅब, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि विलायती बाभळी. खिडकीत कूलर होता, पण बंद. "पाणी नाही साहेब, टँकर उद्या येतोय," म्हणाले, आणि फ्रिजमधली एकुलती एक थंड बाटली माझ्यासमोर ठेवली. पिठलं-भाकरी त्यांनी स्वतः केली होती. वहिनी कुठे दिसल्या नाहीत. विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाले, "मे लागला तशी गावी धाडली. धूळ सोसत नव्हती तिला."

पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ते घर माझ्या सल्ल्यावरून घेतलं होतं.

आज जे लिहितोय ते काही जणांना बोचेल. बोचू दे, त्यात पहिला मीच आहे. माझं म्हणणं सरळ आहे. पोस्टिंगवर असलेल्या माणसाने, विशेषतः अधिकाऱ्याने, त्या गावी कायमचं राहायला येण्याचा सल्ला कुणालाही देऊ नये. आपल्याला त्या गावातलं काहीही माहीत नसतं. आपल्याला माहीत असते ती फक्त छावणी.

झालं ते असं. माझी बदली जयपूरला झाली आणि मी हजर झालो नोव्हेंबरात. आधीची दोन वर्षं फील्डमध्ये, बर्फात काढलेली. जयपूरचा नोव्हेंबर म्हणजे काय सांगू! सकाळी हलका स्वेटर, दुपारी कोवळं म्हणावं असं ऊन, आकाश स्वच्छ, नाहरगडावरून अख्खं शहर गुलाबी दिसतंय. फोटो काढले, पलटणीच्या ग्रुपवर टाकले. खाली शेरे आले, "सर, मजा आहे तुमची!" त्याच आठवड्यात सुभेदार साहेबांचा फोन आला. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. वहिनींना दमा. तिकडे पाऊस वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो, भिंतींना बुरशी धरते, पावसाळ्याचे चार महिने त्यांचा श्वास कोंडतो. मुलाला नुकतीच जयपूरला, सीतापुऱ्यात नोकरी लागलेली. "साहेब, तिकडची हवा कशी आहे? कायमचं यावं म्हणतोय."

मी काय म्हणालो? "या की! कोरडी हवा, भरपूर ऊन. वहिनींना मानवेल. ईसीएचएस आहे, कॅन्टीन आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे. आणि पुण्याच्या मानाने जागा स्वस्त."

मला येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

आता त्या सल्ल्यातलं एकेक वाक्य घेऊ.

"कोरडी हवा." आपल्या मराठी डोक्यात राजस्थान म्हणजे वाळू, उंट आणि पाऊस नावाला. पण जयपूर वाळवंटात नाही. थर त्याच्या पश्चिमेला. जैसलमेर इथून साडेपाचशे किलोमीटरवर आहे. जयपूरला वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याच माण-खटाव, आटपाडी, जतच्या पट्ट्यात याहून कमी पडतो. तो सहाशे मिलिमीटर पडतो मुख्यतः जुलै ते सप्टेंबरात, आणि त्या काळात हवा दमट, चिकट होते. जुलै १९८१चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. म्हणजे जी ओल टाळायला हे कुटुंब निघालं, ती इथेही आहे. आणि जे कोरडे महिने आहेत त्यात आहे धूळ. एप्रिल ते जून पश्चिमेकडून आंधी येते. दहा मिनिटांत दिवसाची संध्याकाळ होते, बंद खिडकीच्या फटीतून पीठ चाळल्यासारखी माती आत येते. हिवाळ्यात धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. दमेकऱ्याला यातला कुठला महिना मानवणार होता?

"भरपूर ऊन." हे वाक्य तर मी प्रेमाने म्हणालो होतो. ऊन आहेच. मे महिन्यात पारा बेचाळीस-पंचेचाळीसला जातो. याच राज्यात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. पण माणूस आकड्याने थकत नाही, रात्रीने थकतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, आंघोळ करायची तर पहाटे पाचला. आणि तीच टाकी जानेवारीत बर्फासारखी गार. हो, जानेवारी! इथे पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं उतरतं. उन्हाच्या प्रदेशात जातोय म्हणून वहिनी गोधड्या गावीच ठेवून आल्या होत्या. ते जागा बघायला पहिल्यांदा आले ते जानेवारीतच. चार दिवस कुडकुडले, तेव्हाही मी हसून म्हणालो, "थोडे दिवस असतं, मग ऊनच ऊन."

"जागा स्वस्त." स्वस्त का आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. कम्युटेशन आणि फंडाचे पैसे घालून त्यांनी जो प्लॉट घेतला त्याला सोसायटीचा पट्टा होता, जेडीएची मंजुरी नव्हती. हा फरक जयपूरचा रिक्षावालाही सांगेल. अशा वसाहतीत रस्ता, गटार आणि नळ येणार असतात. कधी, ते कुणी सांगत नाही. बोअरचं पाणी खारट. म्हणून टँकर.

आणि पाण्याबद्दल तर आपण पोस्टिंगवाल्यांनी तोंडच उघडू नये. जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर रामगढचा तलाव आहे. १९८२च्या आशियाई खेळांतल्या रोइंगच्या शर्यती तिथे झाल्या. रोइंग म्हणजे आपल्या सैन्याचा हक्काचा खेळ, तेव्हा जुन्या वाचकांपैकी कुणी त्या शर्यती पाहिल्याही असतील. या शहराला पिण्याचं पाणीही एकेकाळी तिथूनच येई. पुढे पाणलोटात बांध घातले गेले, अतिक्रमणं झाली, येणारं पाणी अडलं आणि तलाव वर्षानुवर्षं कोरडा पडला. आज शहर मुख्यतः बिसलपूर धरणावर जगतं. ते टोंक जिल्ह्यात, बनास नदीवर, शंभरावर किलोमीटर दूर. त्या पाण्याची लाइन जिथे पोचली आहे तिथलं जयपूर वेगळं आणि जिथे नाही तिथलं वेगळं. मी पहिल्यात राहतो. सुभेदार साहेब दुसऱ्यात. कूलर पाण्यावर चालतो, एवढी साधी गोष्ट. पाणी नसेल तर ४४ अंशांत तो नुसता पत्र्याचा डबा.

आता छावणीत काय असतं ते आठवा. कडुनिंबाची जुनी झाडं, जाड भिंतींचा बंगला, एमईएसचं पाणी, जनरेटर, खोलीत एसी. मे उजाडला की पीटीची वेळ पहाटेची होते, दुपारी कुणी मैदानावर नसतं, मेडिकल ऑफिसर उष्माघाताचं लेक्चर घेतो. म्हणजे आपल्याकडे उन्हालाही वेळापत्रक पाळावं लागतं. एवढं सगळं भोवती असताना गाव आवडणार नाही तर काय होणार? आपण ते शहर राहून पाहिलेलंच नसतं. दोन-अडीच वर्षं त्याच्या कुंपणाला टेकून बसतो, आणि मग सांगतो, "फार छान गाव आहे!"

कुणी म्हणेल, फौजी माणसाला उन्हाचं काय! ज्याने महाजनच्या रेंजवर जूनमध्ये फायरिंग केलं तो जयपूरला घाबरणार? हा युक्तिवाद मी मेसमध्ये दहादा ऐकला आहे, आणि तो पोकळ आहे. रेंजवर तो पंचविशीचा होता, सोबत पलटण होती, पाण्याची गाडी मागे होती आणि परतायची तारीख ठरलेली होती. इथे तो बावन्न वर्षांचा आहे, एकटा आहे आणि परतायची तारीख नाही. शिवाय दमा त्याला नाही, त्याच्या बायकोला आहे. ती कधीच भरती झाली नव्हती.

दुसरा म्हणेल, लाखो लोक जयपुरात राहतातच ना? राहतात, कारण त्यांना राहणं माहीत आहे. हे शहर १७२७ साली सवाई जयसिंगाने वसवलं. त्या राजाने जंतरमंतरमध्ये सत्तावीस मीटर उंचीचं सम्राट यंत्र उभारलं, जे सूर्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ दाखवतं. ऊन काय चीज आहे हे त्याला मोजून माहीत होतं. जुन्या शहरातल्या हवेल्या बघा. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, मधे चौक, जाळ्यांतून फिरणारी हवा. आजही तिथली माणसं उन्हाळ्यात दुपारी विनाकारण बाहेर पडत नाहीत, छाछ आणि राबडी पितात, पाणी कधी येतं आणि कधी जातं हे त्यांना पाठ असतं. हे शहाणपण तीनशे वर्षांचं आहे. ते प्लॉटबरोबर मिळत नाही. आणि हेही सांगतो की ज्यांच्याकडे ती हवेली नाही, त्या बांधकामावरच्या मजुरांना विचारलं तर "भरपूर ऊन" हे शब्द ते कौतुकाने उच्चारणार नाहीत.

जयपूर वाईट आहे असं मी म्हणत नाही. माणसं अदबीची आहेत, मला इथे प्रेम मिळालं आहे. वाईट आहे ती आपली खोड. नागरी माणूस मित्राचं मत ऐकतो आणि चार ठिकाणी विचारतो. आपल्याकडे तसं नाही. ज्या माणसाने पंचवीस-अठ्ठावीस वर्षं साहेबाच्या शब्दावर पाऊल उचललं, त्याला मी गप्पांच्या ओघात "या की" म्हणालो, आणि त्याने तो हुकूम म्हणून ऐकला. हे मला कळायला हवं होतं. एनडीएत आम्हाला पहिल्या टर्मपासून शिकवलं की रेकी केल्याशिवाय माणसं पुढे पाठवायची नाहीत. मी तीन आठवड्यांच्या रेकीवर एक अख्खं कुटुंब पाठवलं.

म्हणून माझ्यापुरते नियम केले आहेत, पटले तर घ्या. कुणी विचारलं तर गाव कसं आहे ते सांगायचं नाही, मी गावात कुठे राहतो ते सांगायचं. मी ज्या महिन्यात आलो तो महिना सांगायचा. आणि घर घेण्याआधी एक मे, एक ऑगस्ट आणि एक जानेवारी तिथे भाड्याने राहा, छावणीत नव्हे, ज्या वस्तीत घर घ्यायचं आहे त्याच वस्तीत, असं बजावायचं. कागद माझ्या ओळखीच्या माणसाला नाही, वकिलाला दाखवा. वर्षभराचं भाडं जाईल. आयुष्याची पुंजी राहील.

प्लॉट विकायला काढला आहे, गिऱ्हाईक नाही. मुलगा कामावर जातो, सुभेदार साहेब घर राखतात, वहिनी पाटणला. तिथे आता पाऊस सुरू झाला असेल.

निघताना मी म्हणालो, "चूक माझी झाली, साहेब." ते फाटकापर्यंत आले, सवयीने ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नाही साहेब, तुम्ही आमच्या चांगल्यासाठीच सांगितलं." हेच ऐकायची मला भीती होती. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.