एकास दोन

संसारी माणूस आपले चार पैसे एका जागी ठेवीत नाही. थोडे पोस्टात, थोडे बँकेत आणि थोडे घरच्या मंडळींच्या डाळीच्या डब्यात! तोच माणूस मुलांचे बोबडे बोल नि लग्नाचे फोटो मात्र कॉम्प्युटरमधल्या एकुलत्या हार्ड डिस्कच्या हवाली करून निर्धास्त झोपतो. यंत्र केव्हातरी बंद पडतेच, हे पिंपरी-चिंचवडकरांना मी सांगायला नको.

चाकणच्या आसपासच्या म्हाताऱ्या बायांकडून गेली १२ वर्षे मी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत आलो. जिथे जाती फिरत तिथे आज कारखाने आहेत. गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी आता नाहीत. ते आवाज पुन्हा मिळायचे नाहीत. म्हणून गणपतीच्या सुट्टीत मी घरी ‘रेड’ करवून घेतली. धाड नव्हे! १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी निबंध लिहून सुचवले, की एका महागड्या तबकडीपेक्षा अनेक स्वस्त तबकड्यांची मोट बांधावी, आणि एखादी गेली तरी काम अडू नये अशी तजवीज करावी. तिचे हे नाव.

मोट बांधण्याच्या तऱ्हा अनेक. ‘शून्य’ पातळीत मजकूर दोघींत वाटून लिहितात. वेग वाढतो, पण एक गेली की सारेच गेले. ‘एक’ पातळीत दोघींवर तेच लिहितात; चार-चार टेराबाइटच्या दोन घेतल्या तरी जागा चारचीच. ‘पाच’ला निदान तीन तबकड्या हव्यात. समजा, एकीवर ७, दुसरीवर ५, तिसरीवर बेरीज १२. पाचवाली गेली, तर बारातून सात वजा करा! खरा हिशेब शून्य-एकाचा असतो, मर्म हेच.

आम्ही ‘एक’ पत्करली. चाकणला नोकरीत असलेला माझा जुना विद्यार्थी मदतीला होता. जुळणीत तबकड्या कोऱ्या होतात, म्हणून ओव्या आधी दुसरीकडे उतरवल्या. सारे झाल्यावर पठ्ठ्याने मुद्दाम एक तबकडी काढून घेतली. ओवी चालूच! तबकडी परत बसवल्यावर जोडी पूर्ववत व्हायला रात्र गेली.

“झाले ना रे निर्धास्त?” मी विचारले.

“नाही सर. तुम्ही चुकून एक ओवी पुसलीत, तर ती दोन्हीकडून पुसली जाईल. पेटी चोरीला गेली, तर दोन्ही गेल्या.”

त्याचे खरे होते. देहू आम्हांला हाकेच्या अंतरावर. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, असे परंपरा सांगते. तीच परंपरा चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवल्याचेही सांगते. शिवाय लोकांच्या मुखी होते ते निराळेच. दोन वह्या एकाच धोंड्याला बांधल्या असत्या, तर दोन्ही एकदमच बुडाल्या असत्या. जोडी घरात हवी, तशी एक प्रत परगावीही हवी.

भाऊबीजेला साताऱ्याला बहिणीकडे जाताना तिसरी प्रत बरोबर नेणार आहे. वाचकहो, फराळ उरकल्यावर तुम्हीही घरात एकेकच प्रत असलेले काय काय आहे, ते जरा मोजून पाहा.